गाणं कुणाच्या गळ्यातलं?

सप्टेंबर १९५९. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात पार्चमन नावाचा तुरुंग आहे. तुरुंग म्हणजे तेव्हा हजारो एकरांचं शेतच होतं आणि त्यावर राबणारे कैदी बहुतेक काळे. त्या दिवशी एक टोळी लाकडं फोडत होती. सगळ्या कुऱ्हाडी एकदम वर जात, एकदम खाली येत. घाव पडला की एक जण गाण्याची ओळ उचलायचा, पुढच्या घावाला बाकीचे ती झेलायचे. ढोलकी, पेटी, तंतुवाद्य काही नाही. ताल फक्त कुऱ्हाडीचा आणि मधल्या श्वासाचा.

हे गाणं हौसेचं नव्हतं. कुऱ्हाडी एका लयीत चालल्या की शेजाऱ्याच्या पायावर घाव पडत नाही. शिवाय सगळेच एका वेगाने काम करत असले की अशक्त माणूस मागे पडलेला दिसत नाही आणि पहारेकऱ्याचा फटका चुकतो. ॲलन लोमॅक्स नावाचा लोकगीतांचा संग्राहक आपला टेपरेकॉर्डर घेऊन तिथे उभा होता. त्याने गाणं टिपलं आणि ओळ उचलणाऱ्या कैद्याचं नावही लिहून घेतलं. जेम्स कार्टर.

पुढे एक्केचाळीस वर्षांनी, २००० साली, कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा चित्रपट आला. तो सुरू होतो तेच या गाण्याने, पार्चमनमधल्या त्याच मुद्रणाने. चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम लाखोंनी खपला, २००२ साली त्याला ग्रॅमी पुरस्कारांमध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं गेलं. मानधनाचे पैसे साठत होते, पण द्यायचे कुणाला? लोमॅक्सची मुलगी आणि तिचे सहकारी त्या नावाचा माग काढत निघाले आणि कार्टर शिकागोत सापडले. वय शहात्तर. वीस हजार डॉलरचा धनादेश त्यांच्या हातात ठेवला गेला तेव्हा त्यांना ना ते गाणं आठवत होतं, ना ते मुद्रण. अल्बम मायकल जॅक्सनपेक्षा जास्त खपतोय हे कळल्यावर मात्र ते मिश्कीलपणे म्हणाले, मायकलला सांगा, मी जरा हळू चालतो, म्हणजे त्याला मला गाठता येईल.

हे सगळं घडू शकलं ते एका साध्या गोष्टीमुळे. वहीत नाव होतं.

जगभरातलं लोकसंगीत आज खिशातल्या फोनवर ऐकू येतं. जॉर्जिया देशातल्या दऱ्याखोऱ्यांतलं तीन आवाजांतलं समूहगान, सार्डिनियाच्या धनगरांचं चौघांनी मिळून गायचं गाणं, बल्गेरियाच्या डोंगरातल्या बायकांचा तो टाचणीसारखा टोचणारा स्वर. बोट लावायचा अवकाश. पण ही गाणी फोनपर्यंत आली कशी, मधे कुणाकुणाच्या हातून गेली आणि त्या वाटेवर कुणाचं नाव टिकलं, कुणाचं गळून पडलं, ही गोष्ट गाण्यांइतकीच ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात मेणाच्या नळकांडीपासून. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला तो व्यापारी उपयोग डोळ्यांसमोर ठेवून. तेरा वर्षांनी, मार्च १८९० मध्ये, जेसी वॉल्टर फ्यूक्स हा अभ्यासक हे यंत्र घेऊन अमेरिकेच्या अगदी ईशान्य टोकाला, मेन राज्यात गेला आणि पासामाक्वाडी या आदिवासींची गाणी, गोष्टी, शब्द त्याने मेणाच्या एकतीस नळकांड्यांवर भरून घेतले. अभ्यासकाने लोकांमध्ये जाऊन ध्वनिमुद्रण केल्याचा हा पहिला प्रसंग मानतात. एका नळकांडीवर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावत. म्हणजे रात्रभर चालणाऱ्या गाण्याचीही दोनच मिनिटं उरली. शतकभरापूर्वीची लोकगीतं ऐकताना ती अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटतात, त्याचं एक कारण हे. गाणं संपलेलं नसतं, मेण संपलेलं असतं.

या यंत्राचा खरा उपयोग कळला तो बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराला. १९०४ च्या उन्हाळ्यात तेवीस वर्षांचा बार्टोक एका खेड्यात मुक्कामाला होता. तिथे मुलं सांभाळायला ठेवलेली ट्रान्सिल्व्हेनियाची एक मुलगी, लिदी दोशा, गुणगुणत होती. बार्टोकने कान टवकारले. शहरातल्या कॅफेंमध्ये ‘हंगेरियन संगीत’ म्हणून जे वाजे, ज्याच्यावर लिस्टसारख्या मोठ्या संगीतकाराने रचना केल्या होत्या, त्याच्याशी या चालीचं नातं दिसत नव्हतं. त्याने तिला पुन्हा गायला लावलं आणि चाल टिपून घेतली. पुढच्याच वर्षी त्याची गाठ झोल्तान कोदायशी पडली. दोघे फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडू लागले आणि पाच स्वरांच्या जुन्या चालींचा एक खजिनाच हाती लागला.

बार्टोकचं मोठेपण असं की तो आपल्या देशाच्या वेशीवर थांबला नाही. त्याने स्लोव्हाक गाणी गोळा केली, रुमानियन गोळा केली, १९१३ साली अल्जीरियातल्या बिस्क्रापर्यंत जाऊन अरब संगीत मुद्रित केलं. शेजाऱ्यांच्या गाण्यांचं एवढं कौतुक केल्याबद्दल घरच्या राष्ट्रवाद्यांनी त्याला बोलही लावले. ‘आमचं’ आणि ‘त्यांचं’ या भांडणात गाण्यांना ओढायची खोड जुनीच आहे.

१९३६ मध्ये तो तुर्कस्तानात गेला. ओस्मानिये गावात अली बेकिर-ओउलु बेकिर या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने गायला सुरुवात केली आणि बार्टोकचा कानांवर विश्वास बसेना. ती एका जुन्या हंगेरियन चालीचीच बहीण होती. दोन देश, दोन धर्म, मधे शेकडो कोसांचं अंतर, आणि चाल तीच. या प्रसंगाचं पुढे संगीतशास्त्रात काय झालं ते होवो, पण त्या म्हाताऱ्याचं नाव, गाव आणि वय आज सांगता येतं, कारण बार्टोक ते चालीबरोबरच लिहून ठेवत असे.

गाणं शोधायला दर वेळी गावोगाव हिंडावं लागतं असंही नाही. कधी गाणंच माणसाला शोधत येतं. सॅन फ्रान्सिस्कोत पॉल पेना नावाचा ब्लूज गायक राहायचा. दृष्टिहीन होता. १९८४ साली एकदा रात्री तो शॉर्टवेव्ह रेडिओची खुंटी फिरवत बसला असताना रेडिओ मॉस्कोवर एक विचित्र आवाज लागला. एकच माणूस, पण एकाच वेळी दोन सूर. खाली घुमणारा खर्ज आणि वर शीळ घातल्यासारखी धून. कार्यक्रम संपला. आवाज कुठला, कुणाचा, काही कळलं नाही. सात-आठ वर्षांनी एका दुकानात त्याला सीडी सापडली तेव्हा नाव कळलं: तुवा. मंगोलियाला लागून असलेला दक्षिण सैबेरियातला छोटा प्रांत आणि तिथलं कंठगायन, ‘खूमेई’.

मराठी वाचकाला हा प्रकार समजायला तानपुरा पुरे. खर्जाची तार छेडली की जवारी नीट लागलेली असेल तर त्या एकाच तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. प्रत्येक स्वराच्या पोटात असे वरचे उपस्वर असतातच. तुवाचा गायक जीभ, ओठ आणि घसा यांचा आकार बदलत त्यातला एकेक उपस्वर उजेडात आणतो. तानपुरा जे आपोआप करतो ते हा माणूस तोंडाने, ठरवून करतो. याच गायनाचा दुसरा एक प्रकार आहे ‘कार्गिरा’. त्यात आवाज इतका खाली उतरतो की गुहेत कुणी गुरगुरतंय असं वाटावं.

पेनाने ही सीडी पुन्हा पुन्हा ऐकली आणि गुरूशिवाय, एकट्याने हे गाणं घशात उतरवलं. भाषा यावी म्हणून तुवन-रशियन कोश आणि रशियन-इंग्रजी कोश असे दोन कोश एकापुढे एक ठेवून, बोटाला अक्षर जाणवून देणाऱ्या यंत्राने शब्द चाचपले. १९९३ मध्ये तुवाचा नामवंत गायक कोंगार-ओल ओंदार सॅन फ्रान्सिस्कोत आला, तेव्हा पेनाने त्याच्यासमोर त्याच्याच शैलीत गाऊन दाखवलं. ओंदारने त्याला घरी बोलावलं. १९९५ साली तुवाची राजधानी किझिल इथल्या स्पर्धेत हा परका, काळा, आंधळा अमेरिकन कार्गिरा प्रकारात पहिला आला. श्रोत्यांचा लाडकाही तोच ठरला. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘भूकंप’. या प्रवासावरचा ‘चंगेज ब्लूज’ हा माहितीपट १९९९ साली आला. कधी वेळ मिळाला तर जरूर पाहावा. परक्या परंपरेच्या दारात कसं उभं राहावं याचा इतका सुंदर नमुना क्वचित दिसतो: आधी बरीच वर्षं ऐकायचं, मग शिकायचं, मग जाऊन ज्यांचं आहे त्यांना विचारायचं.

सगळेच असं विचारत नाहीत.

१९३९ साली जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने आपल्या मंडळासह ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणं मुद्रित केलं. लिंडा त्याच ग्रामोफोन कंपनीत हमालीसारखं काम करायचा. तिसऱ्या खेपेला गाता गाता शेवटी त्याने वरच्या पट्टीत एक लकेर घेतली, आयत्या वेळी सुचलेली. तीच पुढे जगभर गाजली. तबकडी फिरत फिरत लोमॅक्सच्या हाती पडली, त्याने ती आपला मित्र पीट सीगर याला दिली. सीगरला झुलू येत नव्हतं. ‘उयिंबुबे’ हा शब्द त्याला ‘विमोवे’ ऐकू आला आणि अमेरिकेत गाणं त्याच नावाने आलं. तबकडीवर गीतकार म्हणून लिंडाचं नाव नव्हतं, पॉल कँपबेल असं एक टोपणनाव होतं. १९६१ मध्ये त्यालाच नवे इंग्रजी शब्द लावून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं, पुढे ‘द लायन किंग’मध्ये तेच आलं. लिंडाने हक्क लिहून दिले होते ते दहा शिलिंगांत. १९६२ साली तो गेला तेव्हा घरात दारिद्र्य होतं. त्याच्या मुलींना न्याय मिळायला २००६ साल उजाडलं, तोही एका जुन्या ब्रिटिश कायद्यातल्या तरतुदीमुळे: लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत जातात.

‘पारंपरिक’ हा शब्द तबकडीच्या वेष्टनावर दिसला की म्हणूनच जरा थांबावं. कधी तो खराच असतो. कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की पैसे कुणाला द्यायचे याची चौकशी केलेली नाही.

दुसरी गोष्ट अंगाईची. पॅसिफिक महासागरात सॉलोमन बेटं आहेत, त्यात मालाइता नावाचं एक बेट. तिथे १९७० च्या सुमारास स्विस संगीतशास्त्रज्ञ ह्यूगो झेंप याने आफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई मुद्रित केली. आईबापाविना पोरक्या झालेल्या बाळाला मोठं भावंड समजावतं, असा तिचा आशय. युनेस्कोच्या संग्रहात ती तबकडी निघाली. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडगोळीने तो आवाज घेतला, खाली यंत्राचे ठेके घातले आणि ‘स्वीट ललाबाय’ जगभर वाजलं. ऐकणाऱ्यांचा समज झाला की हा मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या पिग्मींचा आवाज. इतका पक्का, की १९९६ मध्ये यान गार्बारेक या नॉर्वेच्या नामांकित सॅक्सोफोनवादकाने तीच चाल वाजवली ती ‘पिग्मी अंगाई’ या नावाखाली. पॅसिफिकमधलं बेट उचलून थेट आफ्रिकेत नेऊन ठेवलं आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. झेंपने याविरुद्ध शास्त्रीय नियतकालिकात कडक लेख लिहिला. पण लेख वाचणारे किती आणि गाण्यावर डोलणारे किती!

गंमत अशी की याच मालाइता बेटाचं संगीत आज सगळ्या ग्रहांच्याही पलीकडे गेलं आहे. १९७७ साली सुटलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत आणि त्यात मालाइताच्या बांबूच्या पाव्यांचाही आहे. निवड करणाऱ्यांना सल्ला देणाऱ्यांत लोमॅक्स होता. लोकगीतांसाठी तो इतका भांडला की पाश्चात्त्य अभिजात संगीतावर जवळजवळ कुरघोडी झाली. मराठी माणसाला त्या तबकडीतलं ठाऊक असतं ते केसरबाई केरकरांचं नाव. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका, ‘जात कहाँ हो’ ही तिची भैरवी. ती लोकगीत नव्हे, पण बसली आहे लोकगीतांच्या पंक्तीला.

आता त्या तबकडीची अधिकृत यादी नीट वाचून पाहावी. केसरबाईंचं नाव आहे. बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्काचं आहे. मात्र पेरूमधल्या लग्नाच्या गाण्यापुढे नाव आहे जॉन कोहेन यांचं, म्हणजे ते मुद्रित करणाऱ्याचं. सेनेगलच्या तालवाद्यांपुढे मुद्रण करणारे शार्ल द्यूव्हेल. आफ्रिकेतल्या मुलींच्या गाण्यापुढे कॉलिन टर्नबुल. गाणारी कोण, वाजवणारे कोण, ते लिहिलेलं नाही. अब्जावधी किलोमीटर दूर गेलेल्या तबकडीत दुरुस्ती करायची सोय नाही.

लोमॅक्स घराण्याच्याही वहीत सगळंच स्वच्छ नव्हतं. ॲलन आणि त्याचे वडील जॉन यांनी १९३३ साली लुइझियानातल्या तुरुंगात लेडबेली हा थोर गायक शोधला. गाडीत सुमारे १४० किलो वजनाचं मुद्रणयंत्र घालून बापलेक हिंडत होते. ‘गुडनाइट आयरीन’च्या हक्कांत पुढे लेडबेलीच्या जोडीला लोमॅक्सचंही नाव लागलं. गाणं देशभर पहिल्या क्रमांकावर पोचलं १९५० मध्ये, लेडबेली गेल्यावर काही महिन्यांनी. तेव्हा संग्राहकांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. त्यांच्याशिवाय ही गाणी आज ऐकूही आली नसती, हेही तितकंच खरं.

नावं कशी जपावीत याचा एक धडा मराठीतच घडला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ यांनी डोंगराळ भागातल्या बायकांमध्ये काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. त्यांना गाणी जमवायची नव्हती, गरीब कष्टकरी बाई स्वतःबद्दल काय म्हणते ते ऐकायचं होतं. ओवी ही जात्याशीच बांधलेली. पहाटेचा अंधार, खुंट्यावर हात, मूठभर धान्य जात्याच्या तोंडात टाकायचं आणि दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळ सोडायची. सासर, भाऊ, विठ्ठल, सीतेचा वनवास, नवऱ्याचा मार, सगळं त्या फेऱ्यात. पिठाची गिरणी गावात आली, बाईच्या हाताचे कष्ट वाचले, चांगलंच झालं. पण ओवीची जागाही गेली.

महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या फ्रेंच अभ्यासकाने त्यांची सूची बांधली, आवाजही मुद्रित झाले. प्वातवँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. हा ठेवा आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून सगळ्यांना खुला होत आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथे आहेत, मराठीत आणि भाषांतरासह. ओवीखाली गाणारीचं नाव असतं, गाव असतं, जात आणि व्यवसाय असतो, मुलंबाळं किती तेही असतं. जनगणनेतही जी कुणाची तरी बायको म्हणून नोंदली गेली असेल, ती इथे स्वतःच्या नावाने उभी आहे.

नाव नोंदल्यावरचा पुढचा टप्पा गाणं परत देण्याचा. फ्यूक्सच्या त्या एकतीस नळकांड्या मेणावरच्या भेगा आणि खरखरीसह आता संगणकावर आल्या आहेत आणि अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने त्या पासामाक्वाडींना दाखवून, त्यांच्या मदतीने ऐकून, समजून घेतल्या. कुठलं गाणं जगाने ऐकावं आणि कुठलं जमातीपुरतंच राहावं, हे आता तेच ठरवतात. भारतातही हा विचार १९८२ सालीच सुरू झाला होता. परदेशी अभ्यासकांनी इथे केलेली मुद्रणं इथेच परत यावीत म्हणून लोकसंगीताच्या अभ्यासाचं एक केंद्र तेव्हा पुण्यात निघालं, पुढे ते दिल्लीकडे गेलं.

ज्याला ऐकायचं आहे त्याला आज तोटा नाही. लोमॅक्सची सुमारे सतरा हजार मुद्रणं २०१२ पासून इंटरनेटवर फुकट आहेत. त्याचाच ‘ग्लोबल ज्यूकबॉक्स’ २०१७ मध्ये खुला झाला. त्यात जगाच्या नकाशावर बोट ठेवलं की तिथलं गाणं लागतं. मोझेस ॲश यांनी १९४८ साली काढलेल्या फोकवेज कंपनीच्या दोन हजारांवर तबकड्या स्मिथसोनियन संस्थेकडे आल्या त्या एका अटीवर: एकही तबकडी कधी बंद करायची नाही, खपो वा न खपो. तिच्यासोबतच्या पुस्तिका गाण्याआधी वाचाव्यात. चाल कुणाची, गाणारे पोटासाठी काय करतात, प्रसंग कुठला, हे कळलं की तेच गाणं वेगळं लागतं. आवडलं तर दुसऱ्याला पाठवताना नुसती चित्रफीत न पाठवता गायकाचं नाव आणि गावही लिहावं. दोन ओळींचं काम आहे.

आणि घरात आजी असेल, तिला ओव्या, पाळणे, हळदीची गाणी, भोंडल्याची गाणी येत असतील तर फोन समोर ठेवून ती मुद्रित करून घ्या. लाजेल, आता आठवत नाही म्हणेल, तेव्हा हाताला काहीतरी काम द्या, निवडायला तांदूळ दिले तरी चालतील. फक्त गाणं सुरू होण्याआधी तारीख, तिचं माहेरचं आणि सासरचं नाव, माहेरचं गाव आणि हे गाणं ती कुणाकडून शिकली, एवढं तिच्याच तोंडून बोलून घ्या.